उजव्या बाजूचं ‘मोकळं’

दार ओढून घ्या आणि टॉर्चशी खेळणं बंद करा. ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस माझ्या बरोबरीचा आहे, अजून धडधाकट आहे. त्याने मला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा शब्दाचाही फरक पडला नाही. नाव कशाला हवंय? आम्ही त्याला टेपमास्तर म्हणायचो.

जानेवारीतला मंगळवार होता. संध्याकाळी सहाला टेपमास्तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन जाडे पांढरे खडू घेऊन आला. एक स्वतःसाठी, एक साडूसाठी. रात्री दोघांना एकाच कामावर जायचं होतं. वीजकेंद्राचा घराएवढा ट्रान्सफॉर्मर रेल्वेने चालला होता, बत्तीस चाकांच्या वाघिणीवर. असला अवाढव्य माल बाकीच्या गाड्या थांबवून रात्रीच न्यावा लागतो, तोही माणसाच्या चालीने.

वाटेत जिथे खडक मालाच्या फार जवळ येतो, त्या जागेला हे लोक चिमटा म्हणतात. माल चिमट्याच्या अलीकडे थांबवायचा. डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक. दोघांनी टेपने अंतर मोजायचं, खडकावर खडूने आकडा लिहायचा आणि ओरडायचं, ‘मोकळं!’ दोन्हीकडून मोकळं आलं की ड्रायव्हरला हिरवा दिवा. अडत असेल, तर जे अडतंय त्याच्यावर खडूने फुली मारायची आणि ‘अडतंय’ म्हणायचं. मधे माल उभा असल्यामुळे या बाजूच्याला त्या बाजूचं काहीच दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर.

आणि गोम इथेच होती. दोघांनाही हे काम एकाच वस्तादाने शिकवलेलं. वस्ताद चार वर्षांपूर्वी वारला, म्हातारपणाने, अंथरुणातच. साहेब असो की हमाल, तो सगळ्यांना ‘लेका’ म्हणायचा. ‘माल सुटेपर्यंत जागा सोडायची नाही, लेका,’ हे त्याचं पालुपद. टेपमास्तरने ते गाठीला बांधलं, साडूने एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं. साडू पक्का अंगचोर. न मोजताच मोकळं म्हणतो, असा टेपमास्तरला महिनाभर संशय होता. त्याने तक्रारीचा कागद लिहून खिशात ठेवला होता, पण देववत नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कागद दिला तर साडूची नोकरी जाणार आणि मेहुणी तीन पोरांसकट उघड्यावर येणार. नाही दिला आणि एखाद्या रात्री माल घासला, तर मोजणीच्या कागदाखाली सही टेपमास्तरची. आज रंगेहाथ सापडला तर उद्या कागद देऊन टाकायचा, असं ठरवूनच तो निघाला होता.

रात्री साडेबाराला गाडी डोंगरातल्या खिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना कापलेला खडक आणि त्यात लागोपाठ तीन चिमटे. थंडी अशी की टेपची पट्टी बोटांना चिकटत होती. पहिल्या चिमट्याला टेपमास्तरने मोजलं, आकडा लिहिला आणि मोकळं म्हणाला. उजवीकडून लगेच आलं, ‘मोकळं.’

फार लगेच आलं. पण त्याआधी टेप सरकल्याचा आवाज नीट ऐकू आला होता. टेपमास्तर मनात म्हणाला, बेटा टेप नुसती खुळखुळवतोय, मला काय दुधखुळा समजतो?

दुसरा चिमटा एक वाजता. पुन्हा टेपचा आवाज आला, पुन्हा ‘मोकळं.’ आवाज जरा घोगरा होता. थंडीमुळे असेल, नाहीतर तोंडात तंबाखू असेल. टेपमास्तरने हिरवा दिवा दाखवला, पण संशयाचा किडा काही स्वस्थ बसेना. हा एवढा मन लावून मोजायला कधीपासून लागला?

एक वाजून वीस मिनिटांनी तिसरा चिमटा आला. सगळ्यात अरुंद. इंजिन चिमट्यातून पार झालं होतं, माल अलीकडे थांबला. टेपमास्तरने डावी बाजू मोजली. चार बोटं जागा होती.

‘मोकळं!’

उजवीकडून काही नाही.

‘अरे, मोकळं का?’

काही नाही… मग टेप सरकली. सावकाश.

‘अडतंय.’

टेपमास्तरला राग आला. दुपारीच त्याने स्वतः दोन्ही बाजू मोजून ठेवल्या होत्या. उजवीकडे वीतभर जागा होती. अडेल कसं? कामचुकारपणा कमी पडला म्हणून आता खोळंबा करतोस? ड्रायव्हरने शिट्टी दिली. टेपमास्तरने दिवा उचलला. काच हिरवी करायची तेवढी बाकी होती.

‘अडतंय, लेका.’

हात तसाच राहिला.

साडू त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लेका म्हणायची त्याची टाप नव्हती…

टेपमास्तरने काच लाल केली. इंजिनासमोरून वळसा घेतला. उजवी बाजू. अंधार. खडक. कुणी नाही.

‘साडू?’

…

खडकाच्या फुगवट्यामागे पाय दिसला.

साडू पाठीवर पडला होता, रुळाला लागून. डोक्याला खोक. श्वास चालू. माल त्याच्यापासून दोन हातांवर. इंजिन अरुंद, ते त्याला न लागता गेलं होतं; पण मालाचं पोट रुळाबाहेर आलेलं, जेमतेम वीतभर उंच… ते त्याला चिरडूनच जाणार होतं. टेपमास्तरने त्याला रुळापासून बाजूला ओढलं. ओढता ओढता टेपमास्तरला रडू फुटलं. हे तो स्वतः सांगतो, लाजत नाही.

पहाटे दवाखान्यात साडू शुद्धीवर आला आणि खरं बोलला. पहिले दोन चिमटे त्याने केलेच नव्हते. गाडी खिंडीत शिरायच्या आधीच तो पुढे जाऊन तिसऱ्यापाशी बसला होता. तिथूनच मोकळं ओरडायचं ठरवलं होतं. पाय घसरला, डोकं आपटलं. त्याच्या तोंडून एकदाही मोकळं निघालं नव्हतं.

टेपमास्तरचा विश्वास बसेना. दिवस उजाडल्यावर तो खिंडीत जाऊन आला. डावीकडच्या खडकावर त्याचे स्वतःचे तीन आकडे होते. उजवीकडचा खडक कोरा. तक्रारीचा कागद त्याने तिथेच फाडला.

परत आला तेव्हा मेहुणी दवाखान्याच्या व्हरांड्यात साडूचे कपडे मांडीवर घेऊन बसली होती. खिशातून तिने खडू काढून दाखवला. अख्खा, एकदाही न टेकवलेला. मग तिने शर्ट उलटा केला आणि विचारलं, ‘भावजी, हे काय आहे?’

पाठीवर, या खांद्यापासून त्या कमरेपर्यंत… खडूची फुली.