पडल्याचं न कळलेली तुती

दिवा जरा अलीकडे घ्या, सांगते. माल्सूनने एकदा डोंगरदेवापुढे पहाटेच्या पाण्याचा वाडगा ठेवून नवस केला होता: नवरा अंथरुणातून उठून बसेपर्यंत माझ्या तोंडून खोटा शब्द निघणार नाही. ऐकायला सोपा वाटतो. पण शेजारणीने मुरवलेल्या कोबीची चव कशी झालीय म्हणून विचारलं, आणि ही म्हणाली, "खारट झालाय, ताई." तेव्हापासून शेजारीण तिच्याकडे पाठ करून कोबी धुवायची.

खरी अडचण घरातच होती. पाठीवर लाकडं घेऊन उतरताना तिचा नवरा चुनसिक कड्यावरून खाली गेला, ते पानगळीत, त्याला कितीतरी दिवस लोटले होते. हाड मोडलं नव्हतं. तरी तो उठेना, जेवेना, आणि दिवसेंदिवस विझत चालला. भेटायला येणारे हसून म्हणायचे, "कुठे पडलायस? जरा आडवा झालायस, इतकंच." तोही मान हलवायचा. मग संध्याकाळी बायकोला हळूच विचारायचा, "अगं, मी पडलो नाही ना?" खोटं बोलता येईना, खरं बोलवेना, माल्सून पांघरूण सारखं करत राहायची.

शेवटी सासू म्हणाली, "रानातल्या पडलेल्या तुतीवरची अळंबी आण. उकळून पाजू. नाहीतर हा असाच निजून निजून संपेल."

"ती लाकडासारखी टणक, खालून पिवळी?"

"तीच. पण बघून काप हो. उभ्या झाडाला ती भिंतीतल्या फळीसारखी आडवी येते. झाड पडलं की जुनी फळी उभी होते, आणि नवी वाढ वळून पुन्हा जमिनीसारखी सपाट निघते. वळलेली असेल तरच हात लाव."

"आणि वळली नसेल तर?"

"तर त्या झाडाला अजून कळलेलं नाही... तिथे थांबायचं नाही."

दुपार कलली तेव्हा माल्सून रानात पोचली. धुकं उतरलं होतं. ओल्या पाल्याचा, कुजक्या लाकडाचा गोडसर वास येत होता. तुती सापडली. पडून किती काळ झाला असेल कोण जाणे, अंगभर शेवाळ होतं. आणि खोडावर अळंब्या मांडणीतल्या ताटांसारख्या उभ्याच्या उभ्या होत्या. जुन्याच असतील म्हणून तिने बोट लावलं. कडा मऊ होत्या, ओल्या, आजच्या. वाढत होत्या, पण वळल्या नव्हत्या.

निघायला हवं होतं. पण तिला नवल वाटलं. एका कडेवर पाण्याचा थेंब होता. तो खाली पडला नाही. हवेतून सरळ, आडवा, मुळांच्या दिशेने गेला.

तेव्हा तिला शेंड्याकडे एक म्हातारी दिसली. खोडाला दोन्ही हातांनी कवटाळून होती, काखेत पाल्याची टोपली. अंबाडा सुटलेला. पांढरे केस जमिनीकडे लोंबत नव्हते. तेही मुळांकडेच ताणलेले होते.

"वारा थांबला का गं, सूनबाई?"

"थांबला, आजी..."

"रेशमाच्या किड्यांना पाला काढायला चढले, आणि हे वादळ. घट्ट धरलंय मी. तुती उभी आहे ना?"

'हो' म्हटलं असतं तर माल्सून सुटली असती. ऐकायला कोण होतं? पण घरी चुनसिक होता, आणि वाडग्यातलं पाणी होतं.

"नाही, आजी. पडली. तुम्हीही... तिच्याबरोबरच."



"अगंबाई," म्हातारी म्हणाली. "कुणी सांगितलंच नाही मला."

केस सावकाश खाली आले आणि पाल्यावर टेकले. मग तिथे कोणी नव्हतं. फक्त खोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टप्, टप्, टप्... अडून राहिलेले थेंब मातीत पडत होते.

कमरेचा विळा काढायचं माल्सूनला सुचलंच नाही. ती रिकाम्या हातांनी घरी आली, आणि दारातच थबकली.

चुनसिक चटईवर निजला होता. त्याच्या अंगरख्याचा बंद पांघरुणाला टेकला नव्हता. तो हवेत, पायांच्या दिशेने सरळ ताणलेला होता. उभ्या माणसाचा लोंबतो तसा.

"अगं, मी पडलो नाही ना?"

तिने त्याचा थंड हात हातात घेतला. "पडलात हो. फार उंचावरून पडलात. आता इथूनच उठायचंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. बंद हळूच खाली आला, छातीवर विसावला.

"तरीच पाठ एवढी ठणकते," तो म्हणाला आणि कोपरावर भार देऊन उठू लागला. "पेज आहे का थोडी?"

"अळंबी मिळाली का?" सासूने चुलीपाशी बसूनच विचारलं.

"वळली नव्हती, आई."

पुढच्या वर्षी माल्सून तांदळाची दारू घेऊन त्या तुतीला वाहायला गेली. अळंबीची नवी वाढ छान सपाट निघाली होती. चुनसिक आता दोन वाडगे भात खातो आणि कोबी खारट आहे म्हणून कुरकुरतो. मात्र कधीकधी तो झोपेत असला, वारा अजिबात नसला, की अंगरख्याचा बंद हळूहळू पायांकडे उचलला जातो. मग ती त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगते.

तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर एवढं तुम्हीही करा. आज निजण्याआधी त्याच्या अंगरख्याच्या बंदाकडे बघा. अंगावर टेकलेला नसेल तर भिऊ नका. हात हातात घ्या, आणि खरं काय ते सांगा.