आंब्याखालची सोलर प्लेट

“ताई, अजून पाणी!”

“अबे, सकाळपासून अख्खा माठ रिकामा केला तू! पोट हाये का टाकी?” शिवमनं हसत बाटली पुढं केली.

नागसेन हसला नाही. एरवी या दोघांची जुंपली की ऐकणाऱ्याचे कान किटायचे. आज मात्र त्यानं बाटली घटाघटा संपवली आणि तो तंबूतल्या सतरंजीवर पुन्हा आडवा झाला. धाकट्या भावाची ही असली तहान प्रणालीनं पूर्वी एकदा पाहिली होती, आणि ती आठवण काही चांगली नव्हती.

सेमाडोहच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, खुशालरावांचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. प्रणाली आणि नागसेन अमरावतीचे, शिवम त्यांचा अकोल्याचा आतेभाऊ. खुशालरावकाका मोठा बोलघेवडा माणूस! एका हातात शिट्टी, दुसऱ्या हातात मोबाईल. झाड दिसलं की रील, ओढा दिसला की रील. आज ते बाकीच्या पोरांना जीपमध्ये कोंबून धरण दाखवायला गेले होते. निघताना नागसेनकडे एक नजर टाकून म्हणाले होते, “काही नाई, ऊन लागलं. लिंबूपाणी पाजा, दुपारी उड्या मारते का नाई पाहा!”

पण नागसेनला मधुमेह होता. दुसरीत असल्यापासून. रोज इन्सुलिन टोचून घेतल्याशिवाय त्याचं भागत नसे.

तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या आशाबाई तांब्या घेऊन आल्या. “घे रे बापू, लिंबूपाणी! दोन मुठी साखर टाकली!”

“मावशी, नको!” प्रणालीनं झडप घालून तांब्या बाजूला केला. “त्याला साखर चालत नाही!”

तिनं नागसेनच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला. आकडा आलाच नाही. यंत्राला मोजता येते त्याच्याही वर साखर गेली होती!

“सकाळी इंजेक्शन घेतलं ना यानं?” शिवमचा चेहरा उतरला.

“माझ्यासमोर घेतलं. कालही घेतलं.”

“मंग साखर काहून चढून राहिली?”

खरंच, का? प्रणालीनं उशाजवळचा गार डबा ओढला. हा डबा म्हणजे इन्सुलिनचा इवलासा फ्रिज. शिबिरात वीज नव्हती, म्हणून बाबांनी घडीची सोलर प्लेट आणली होती. मिटली की दप्तरात मावते, उघडली की चार पाखं पसरतात. दिवसा प्लेटवर डबा चार्ज करायचा, रात्रभर तो औषध गार ठेवतो. पोहोचवायला आले तेव्हा बाबांनी खुशालरावांना बजावलं होतं, “प्लेट उन्हात, डबा सावलीत. मधे ही लांब वायर.” आणि खुशालराव मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले होते, “हो हो, साहेब!”

डब्याचा दिवा विझलेला होता. झाकण उघडताच गरम वाफ हाताला लागली. इन्सुलिन पाण्यासारखं निर्मळ असतं. प्रणालीनं ते उजेडात धरलं. आत बारीक कण तरंगत होते.

“खराब झालं,” ती पुटपुटली. “आपण त्याला नुसतं पाणी टोचत होतो!”

“पण प्लेट तर तू रोज सकाळी खडकावर पसरून जात होती!”

“हो ना! परवा संध्याकाळी दिवा लाल होता. मी काकांना सांगितलं, तर म्हणाले, आभाळ आलं होतं, उद्या होईल चार्ज.”

“आभाळ? मे महिन्यात? वऱ्हाडात?”

प्रणालीचे कान तापले. आपण ते ऐकून गप्प कसे बसलो! तिनं रागारागानंच प्लेटची घडी उघडली आणि ती थबकली. चारही पाखांवर चिकट थेंब वाळले होते. मधेच पाखरांची शिटही होती.

“शिवम, खडकाच्या वर काय आहे?”

“काय असणार? नुस्तं आभाळ! सागाले तर पान नाई एक.”

“मग हा चिकटा कुठून गळला?”

दोघांनी एकदमच वळून पाहिलं. साऱ्या उघड्याबोडक्या रानात गर्द सावलीचं एकच झाड होतं, चुलीमागचा आंबा!

“मावशी, तुम्ही ही प्लेट हलवता का?”

“हलवते ना!” आशाबाई कौतुकानं म्हणाल्या. “तुमी फिराले गेले का लगेच आंब्याखाली ठेवते, डबा अन् पाटी दोन्ही. तुमी याच्या आत परत खडकावर. खुशालभाऊनंच सांगितलं. लेकराचं औषध हाये, उन्हात कसं ठेवाव?”

वऱ्हाडात मे महिन्यात कोणी कोंबडीचं पिल्लूसुद्धा उन्हात ठेवत नाही, मग औषध कोण ठेवील? प्रणालीनं सगळं समजावून सांगितलं, तशा आशाबाई मटकन खालीच बसल्या.

“ओ माय! माह्या हातानं झालं का हे?”

“मावशी, रडायला नंतर बसू. आधी गाडी बोलवायला पाहिजे!”

पण बोलवायची कशी? जीप गेलेली. आशाबाईंकडे फोन नाही. पोरांचे फोन पत्र्याच्या पेटीत, सगळे बंद पडलेले. आणि रेंज यायची ती मागच्या टेकडीच्या माथ्यावर.

“प्लेट घे,” प्रणाली म्हणाली. “चढता चढता फोन चार्ज करू!”

आशाबाई नागसेनजवळ थांबल्या. साधं पाणी, घोट घोट, दुसरं काही नाही. शिवमनं प्लेट उघडून पाठीवर बांधली, वायर फोनला जोडली, आणि दोघं टेकडीला लागली. झळा अंगाला चटके देत होत्या. पायाखालचे दगड चपलांतून भाजत होते. प्रणालीनं माठात बुचकळलेला दुपट्टा डोक्याला गुंडाळला होता.

अर्ध्या वाटेवर फोन सुरू झाला. “झाला!” शिवम ओरडला. आणि तेवढ्यात पडदा काळा पडला. फोन हातात धरवेना इतका तापला होता.

“हा बी मेला!” शिवमचा आवाज रडवेला झाला.

प्रणालीला बाबांचे शब्द आठवले. प्लेट उन्हात, डबा सावलीत! तिनं डोक्यावरचा ओला दुपट्टा सोडला, फोन खाऊच्या प्लास्टिक पिशवीत घातला, दुपट्ट्यात गुंडाळला आणि प्लेटच्या पोटाशी, सावलीत बांधला.

“प्रणाली, डोकं उघडं नको टाकू! लू लागते!”

“चल पुढं!”

माथ्यावर पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. फोन सुरू झाला. रेंजची एकच कांडी.

“बाबा! नागसेनचं इन्सुलिन खराब झालं! साखर मोजता येत नाही! गाडी पाठवा! बाबा?”

फोन तुटला. पुन्हा लागेना. बाबांनी ऐकलं की नाही, कोण जाणे! तिनं तेच सगळं मेसेजमध्ये लिहिलं. तो गेल्याची खूण उमटेपर्यंत दोघं श्वास रोखून उभी राहिली आणि मग घसरत, ठेचकाळत खाली पळाली.

नागसेनला उलट्या सुरू झाल्या होत्या. तो खोल खोल श्वास ओढत होता आणि श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. “नागू, माझ्याकडे बघ!” तो बघत होता, पण ओळखत नव्हता. आशाबाई त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवत नुसत्या “बापू, बापू” म्हणत होत्या. शिवम रस्त्याकडे पळाला. प्रणालीला वाटलं, आता काही खरं नाही.

आणि शिवमची शिट्टी ऐकू आली. मागोमाग रुग्णवाहिकेचा भोंगा!

अमरावतीच्या दवाखान्यात नागसेन शुद्धीवर आला, पण त्याआधी घरच्यांनी जे भोगलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, “या मुलीनं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असती तर...”

भेटायला खुशालराव आले. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, “साहेब, मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, प्लेट उन्हात, डबा सावलीत! पण ती आशाबाई! अडाणी बाई, काय करता! तिले काढूनच टाकलं मी.”

प्रणालीचं डोकं भणाणलं. “शिवम, दाखव ते!”

शिवमनं मोबाईल पुढं धरला. खुशालरावांनी स्वतःच टाकलेली रील! पडद्यावरचे खुशालराव हसून सांगत होते, “नमस्कार मंडळी! आमच्या शिबिरात मुलांच्या वस्तूंना फुलासारखं जपतो. आशाबाई, हे सगळं आंब्याखाली ठेवा. रोज! उन्हात काहीच नको!”

खुशालरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुम्ही माझं ऐकलंच नव्हतं,” बाबा शांतपणे म्हणाले. “आणि मी तुमच्या ‘हो हो’वर विसंबून पोराला सोडून आलो. हे शिबिर आता पुन्हा भरणार नाही. तक्रार मी करतोय.”

खुशालराव खाली मान घालून निघून गेले. बाबांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. “तुमच्यामुळं माझं लेकरू परत आलं रे पोरांनो!” प्रणालीला इतक्या दिवसांचं रडू तेव्हा फुटलं.

बाहेर बाकावर आशाबाई बसल्या होत्या. त्या तालुक्याच्या गाडीनं आल्या होत्या आणि आत यायला धजत नव्हत्या. प्रणालीनं हात धरून त्यांना आणलं.

“मावशी,” नागसेन क्षीण आवाजात म्हणाला, “लिंबूपाणी नाही ना आणलं?”

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू की रडू, त्यांनाही कळेना. मग त्या प्रणालीला म्हणाल्या, “पोरी, मले एकदा नीट दाखव. कसं ठेवाव ते.”

प्रणालीनं खिडकीच्या कठड्यावर, रणरणत्या उन्हात, प्लेटची चारही पाखं पसरली. आशाबाईंनी वायर शेवटपर्यंत ओढली, डबा नागसेनच्या उशाशी सावलीत सरकवला, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत त्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.