बांधून ठेवलेली बातमी

छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे सुट्या अक्षरांवर, पाणी पसरत नाही. त्यांना शाईचा तेलकटपणा असतो, म्हणून थेंब गोल राहतो.

मी मोजले. तीन थेंब. सर्वांत मोठा तुरीच्या दाण्याएवढा.

तारीख १ मे १९५८, गुरुवार. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटे. जागा वर्ध्यातला आमचा छापखाना. बाहेर पारा एकशे चौदा अंशांवर होता. माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि रिकामा.

हे मी कोणाकडून ऐकलेले नाही. पाहिले, मोजले, वहीत टिपले. मी बी.एस्सी. होते, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. भुतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असे म्हणवत नाही.

माझे वडील लक्ष्मणराव एकतीस वर्षे साप्ताहिक चालवत होते. इंग्रजांच्या काळात दोनदा तुरुंगात गेले. कॉलऱ्याच्या साथीत घरोघर फिरून त्यांनी मेलेल्यांची नावे छापली. "बातमी दाबली की सडते, आणि वास आपल्याच घरात येतो," असे ते म्हणत.

थेंब ज्या खिळ्यांवर होते, ती बातमी त्यांनीच दाबली होती.

एकोणीस ओळी. वर्षापूर्वी जुळवलेल्या. सुतळीने बांधून लोखंडी गॅलीत, म्हणजे खिळ्यांच्या तबकात, तशाच ठेवलेल्या.

सेलूकडच्या एका गावात धुरपता नावाची बाई विहिरीत मेली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या घरांना गाव विहिरीवर येऊ देत नव्हते. ती भर दुपारी, कोणी नसेल म्हणून, पाण्याला गेली होती. पाय घसरला, असे पंचनाम्यात आले.

तिचा नवरा लहानू दर गुरुवारी यायचा. शुक्रवारी अंक निघायचा, म्हणून गुरुवारी.

"जयभीम, भाऊसाहेब. या हप्त्यात येते का बातमी?"

"पुढच्या अंकात, लहानू. छापायला दोन साक्षीदार लागतात."

"तुमचा पुढचा अंक म्हंजे आमच्या पटवाऱ्याचा उद्या झाला." तो हसायचा, पण उंबऱ्यावरून उठायचा नाही. "मले दुसरं काई नाई पाह्यजे. कागदावर आलं तं कोनी इचारन तरी, बाई मेली कशी."

बाबा मान खाली घालून मजकूर तपासत राहायचे.

त्या गुरुवारी मी थेंब पुसले. सवयीने ओळी मोजल्या.

वीस.

मी पुन्हा मोजल्या. वीसच. गाठ बाबांचीच होती, वर्षाची धूळ बसलेली. सुटलेली नव्हती.

खिळे उलटे असतात, पण मला लहानपणापासून वाचता येत. विसावी ओळ अशी होती...

'धुरपताचा पाय घसरला नाही.'

खिळे जुळवणारे आमचे जुळारी गुलाबभाऊ त्याच दिवशी कुरकुरत होते. "ताई, मले खिळे पुरून नाई राह्यले. काल खण भरला होता, आज अर्धा. उंदरं शिसं खाऊन राह्यले का?"

मी गुलाबभाऊंवर संशय घेतला. मग बाबांवरही घेतला. एकट्याने ओळ जुळवून मन हलके करत असतील. म्हणून गॅली कपाटात ठेवली, कुलूप लावले, किल्ली माझ्या गळ्यात. कपाटासमोर खडूची पूड पसरली, बोट बुडेल एवढी जाड.

८ मे. दुपारी दोन वीस. गुलाबभाऊ लग्नाला गावी गेले होते. बाबा बाहेरच्या खोलीत, माझ्या नजरेसमोर.

आधी आवाज आला... कोरड्या कप्पीवरून दोर सरकल्याचा. कर्र... कर्र...

आमच्या गल्लीत विहीर नाही.

मग आवाज थांबला. बादली पाण्याला टेकली, असा आवाज यायला हवा होता. तो आलाच नाही.

मी कुलूप उघडले. खिळे ओले होते. एकविसावी ओळ...

'काठावर चार माणसे उभी होती.'

खाली पाहिले. दारापासून कपाटापर्यंत पूड जशीच्या तशी. फक्त कपाटाला लागून दोन अनवाणी पावलांचे ओले ठसे. बोटे कपाटाकडे. येण्याचे ठसे नाहीत. जाण्याचेही नाहीत.

मी पट्टी घेऊन मोजले. आठ इंच. बाईचे पाऊल.

१५ मेला काहीच झाले नाही. ना आवाज, ना पाणी. त्या दिवशी मला जास्त भीती वाटली.

हा सगळा हिशेब अजून माझ्या वहीत दोन पानांवर आहे. त्या दोन पानांना दर मे महिन्यात ओल येते. बाकीची पाने कुरकुरीत असतात. कारण मला सापडलेले नाही.

२२ मे. लहानू उंबऱ्यावर होता. वर्षभरात त्याच्या गळ्याची हाडे वर आली होती. कप्पी वाजू लागली. त्याने मान उचलली.

"हे... आमच्याच हिरीची हाय," तो म्हणाला. "तिची कप्पी अशीच रडे."

मी कपाट उघडले. गॅलीवर शाई फिरवून कागद दाबला आणि तो बाबांसमोर ठेवला.

"हे मी लिहिलं नव्हतं," बाबा म्हणाले.

"काय लिवलं हाय?" लहानू म्हणाला. "मले वाचता येत नाई. ताई, तुमी वाचा."

मी वाचले. पाय घसरला नाही. काठावर चार माणसे उभी होती. मग बाविसावी ओळ आली आणि मी थांबले.

'त्यांतले एक बापूजी, संपादकांचे मेहुणे.'

बापूजी म्हणजे माझे मामा, त्याच गावचे. दर उन्हाळ्यात आंब्यांची पाटी घेऊन येणारे. मला कडेवर घेऊन हुरडा चारलेले.

"वाचा ना, ताई."

मी बाबांकडे पाहिले. "खरं आहे?"

"ती गेली त्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं," बाबा म्हणाले. "इथेच बसून. रडत होता."

मी बाविसावी ओळ मोठ्याने वाचली. लहानूने कपाळावरचा घाम पुसला. ओरडला नाही.

"मंग आता तं दोन साक्षीदार झाले, भाऊसाहेब. एक हे खिळे, एक तुमचे मेहुणे," तो म्हणाला. "तुमीच म्हनता ना, दोन पाह्यजेत."

कप्पी थांबली. खोलीत ओल्या शेवाळाचा वास पसरला होता. बाबांच्या खुर्चीमागे, कोरड्या फरशीवर, दोन ओली पावले उमटली होती. मला दिसत होती. लहानूलाही दिसत असावीत, कारण तो बाबांकडे नाही, त्यांच्या मागे पाहत होता.

बाबांनी कागदाची घडी घातली. चष्मा काढला. वर्षभरात प्रथमच त्यांनी 'पुढच्या अंकात' म्हटले नाही.

"लहानू, घरी जा. ही बातमी मी छापणार नाही."