वेळेवर जन्मलेलं

"अहो, बाळाला असं पिशवीत कोंबून कुणी आणतं का!"

मी ज्याच्यावर ओरडले, तो माणूस वॉर्डाच्या दारात उभा होता. गळ्यात लोकरी पिशवी, पिशवीत काहीतरी वळवळतंय, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड आमचा. इथे आधी बाळ ताब्यात घ्यायचं, प्रश्न मागाहून. मी आत हात घातला… आणि किंचाळले.

"याला शेपूट आहे!"

"असणारच. कांगारू आहे," तो शांतपणे म्हणाला. "आणि सिस्टर, तुमचा हात फार गार आहे. सर्दी होईल त्याला."

मावशी – आमच्या वॉर्डातल्या जुन्या आया – भिंतीला धरून हसायला लागल्या.

तो प्राणिसंग्रहालयातला डॉक्टर होता. पिल्लाची आई कुंपणावर आदळून मेली होती. पिल्लू अजून उघडंवाघडं, अंगावर लव नाही. त्याच्यासाठी जुनी, मोडीत काढलेली काचेची पेटी मिळते का, ते विचारायला तो आला होता.

"सामानाची खोली चौथ्या मजल्यावर. हा दुसरा."

"मग चुकलोच मी," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मी उगीचच केस टोपीत कोंबले.

पेटी मी मिळवून दिली. ती लावायची कशी, ओल किती ठेवायची, हे त्याला येईना, म्हणून ड्यूटी संपल्यावर संग्रहालयात एकदाच जाऊन यायचं ठरवलं. ते 'एकदाच' मग रोज झालं.

"हात पुढे कर," तो म्हणायचा, आणि बाटलीतला दुधाचा थेंब माझ्या मनगटावर पाडायचा. "गरम आहे?"

"तुला कळत नाही का?"

"कळतं की."

असला निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता. मी हात मागे घेत नव्हते, हेही खरं.

"महिनाभर पोटात, बस्स," पिल्लाला पाजताना तो सांगायचा. "जन्मला तेव्हा चवळीच्या दाण्याएवढा. फुफ्फुसं तर नावालाच."

"मग श्वास?" मला राहवेना. आमच्याकडे सगळं रडगाणं फुफ्फुसांचंच असतं.

"थोडा कातडीतूनही. फुफ्फुसं बाहेर आल्यावर सावकाश तयार होतात. हात मात्र दणकट. आईच्या केसांना धरून एकटाच पिशवीपर्यंत चढतो, आचळ तोंडात धरतो, की महिनोन्महिने सोडत नाही."

"चिकट आहे."

"माझ्यावर गेलाय."

पिल्लाच्या वयाप्रमाणे त्याच्या आईचं दूध बदलत जातं, हे त्यानं सांगितलं. लवकर बाळंत झालेल्या आमच्या आयांचं दूधही वेगळं असतं, हे मी. लोक सिनेमावर गप्पा मारतात, आम्ही दुधावर मारायचो. एका भेदरलेल्या बापाला आठशे ग्रॅमची मुलगी छातीवर घ्यायचा धीर होत नव्हता, तेव्हा मी त्याला चवळीच्या दाण्याची गोष्ट सांगितली. त्यानं मुलगी घेतली. हे मी माझ्या कांगारूवाल्या डॉक्टरला सांगितलं, तर त्याचे डोळे भरून आले… आणि मी कामातून गेले. प्रेमात पडले, सरळ सांगते.

फक्त एक सांगायचं राहत होतं. माझं एक लग्न मोडलंय, हे त्याला माहीत होतं. का मोडलं, हे नव्हतं. आणि त्याला तर मुलांचं वेड. संग्रहालयात येणारी शाळेतली पोरं त्याच्या अंगाखांद्यावर लोंबकळायची.

पिल्लाला लव फुटली, त्या दुपारी त्यानं विचारलं. "लग्न करू या?… मला तीन मुलं हवीत. दोनवर तडजोड करीन."

मी हसले नाही. सांगून टाकलं. माझी दोन्ही बाळंतपणं सहाव्या महिन्यातच झाली. दुसरं बाळ जन्मतःच गेलं. पहिली मुलगी चार दिवस होती, माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या पेटीत. गर्भाशयाची ठेवणच अशी आहे, पुढचंही सहाव्या महिन्यापलीकडे जाणार नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलंय.

तो उठून जाईल असं वाटलं होतं. त्यानं तर माझे दोन्ही हात धरले.

"एवढंच? वेडे, हा एका महिन्यात जन्मलाय! तुला सहा मिळतायत. तू आहेस, मी आहे, पेट्या आहेत… किती बाळं घरी धाडलीस तू. करून बघू की!"

इतका उजळलेला चेहरा होता त्याचा. मला तो ओरबाडावासा वाटला.

"तो वेळेवर जन्मला होता रे," मी म्हणाले. "त्याचे हात तयार होते, तोंड तयार होतं, आईची पिशवी तयार होती. माझ्या मुलीचं काहीच तयार नव्हतं. घशात नळी, टाचेला सुया. चार दिवसांत एकदाही मला तिला छातीवर घेता आलं नाही."

"पण आता नवीन यंत्रं–"

"घरी गेलेल्या बाळांचेच फोटो आम्ही भिंतीवर लावतो. बाकीच्यांचे नाही. मी पुन्हा कुणाला त्या पेटीत आणणार नाही."

त्यानं माझे हात सोडले आणि पिल्लाची रिकामी बाटली उचलली.

"मूल नाही," मी म्हणाले. "नुसती मी. चालेल?"

त्यानं नळ सोडला. बाटली धुतली. पुसली. परत धुतली.

"दत्तक घेऊ," मीच म्हणाले. लाज सोडून म्हणाले.

"सिस्टर…" कित्येक महिन्यांत त्यानं मला सिस्टर म्हटलं नव्हतं. "तुझ्याशी खोटं नाही बोलवत. मला माझ्या रक्ताचं हवंय."

गळ्यात दुसऱ्याचं पिल्लू घालून, त्याच्या पाठीवर हात फिरवत तो हे बोलला. मला राग यायला हवा होता. मला त्याला सोडवत नव्हतं, एवढंच झालं. मी पर्स उचलली आणि निघाले.

त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. कुणाशी, ते विचारलं नाही. मग दोन वर्षांनी एका सकाळी, मी औषधं भरत असताना, त्याचा फोन आला.

"मुलगा झाला. तुला सांगावंसं वाटलं."

"लगेच रडला?" सवयीनं विचारलं मी.

"लगेच! अख्खा मजला डोक्यावर घेतला. साडेतीन किलोचा आहे!"

"छान झालं," मी म्हणाले, आणि ते खरंही होतं. फोन ठेवल्यावर हातातली सिरिंजही खाली ठेवली.

"कुणाचा गं फोन?" मावशींनी विचारलं.

"ओळखीच्यांकडे बाळ झालंय."

"किती ग्रॅमचं?"

"साडेतीन किलो, मावशी. पूर्ण दिवसांचं."

"मग आपल्याकडे कशाला येतंय ते," मावशी म्हणाल्या, आणि खिडकीजवळची पेटी पुसायला घेतली.