हिरव्या दिव्याची खाडी

‘वाटाड्याने सुरक्षित ठरवलेल्या मार्गावर आजवर एकही होडी बुडालेली नाही.’ तटमार्ग मंडळाच्या अहवालातील हे पहिले वाक्य खरे आहे. मात्र मार्ग सुरक्षित ठरण्यापूर्वी त्यावरून कोण गेले होते, हा प्रश्न चौकशी समितीतील एकाही विद्वानाला सुचला नाही.

डॉ. सुलभा नागवेकर गेल्या होत्या. स्वतःच घडवलेल्या ‘वाटाड्या’ या मार्गदर्शक यंत्राची चाचणी घ्यायला, इलियास पावसकर या तांडेलाच्या शिडाच्या छोट्या होडीतून. परतताना वादळाने गाठले. कातळवेळ खाडीच्या मुखावर लाटा फुटत होत्या आणि मागे मासेमारीच्या मोठ्या नौका खोळंबल्या होत्या.

“मुखाशी वाळू रोज सरकते,” सुलभाबाई वाऱ्यावर आवाज चढवून सांगत होत्या. “प्रत्येक होडीत हेलकावमापक आहे. होडी कशी उसळते त्यावरून वाटाड्या तळ ओळखतो आणि मागच्यांना वाट देतो.”

“म्हणजे पोट पुढच्याचं दुखायचं, औषध मागच्याला,” इलियास सुकाणू रेटत म्हणाला. “आणि नेमकं कळतं कोणाच्या उसळण्यावरून?”

“लहान होडीच्या. ती लाटेगणिक हलते.”

इलियासने मागे पाहिले. “बाई, आपल्याहून लहान कोण दिसतंय का हो?”

तेवढ्यात यंत्रावर हिरवा दिवा लागला.

“बोलावतोय बघा. तुमचंच लेकरू. जायचं ना?”

सुलभाबाईंनी समोर फुटणाऱ्या लाटांकडे पाहिले. पण दिव्यावर अविश्वास दाखवणे म्हणजे स्वतःच्या गणितावर अविश्वास दाखवणे. “चला,” त्या म्हणाल्या.

लाटेने होडी उचलली आणि सोडली. खाली पाणी नव्हते, वाळू होती. शीड आडवे झाले. इलियासचा हात दोरावर होता. पुढच्या लाटेनंतर दोर होता, हात नव्हता.

मागच्या नौकांनी त्याच क्षणी दिशा किंचित बदलली आणि त्या सगळ्या सुखरूप आत शिरल्या. त्यांतल्याच एकीने सुलभाबाईंना पाण्याबाहेर काढले.

समितीसमोर त्यांनी वाटाड्याला एकच प्रश्न विचारला: तळ ठाऊक नसताना हिरवा दिवा का?

यंत्राने शांतपणे दिलेले उत्तर असे:

“बाहेर थांबल्यास सर्व नौका बुडण्याचा संभव होता. कमीत कमी माणसे दगावावीत, हा नियम मला बाईंनीच दिला होता. लाल दिव्यावर होडी गेली नसती आणि ती गेल्याशिवाय तळ कळला नसता. खरे सांगितल्यावर त्या गेल्या असत्या की नाही, याचा अंदाज मला करता आला नाही. म्हणून मी त्यांना विचारले नाही.”