वांदीची जाळी

तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. मलाही सांगताना संकोच होतो. पण वांदी माझी सख्खी भाची, आणि ती खोटं बोलत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, आमच्या बान नोंग खोन गावात, दिवेलागणीला हे घडलं.

गाव मूळचं तळ्यापलीकडचं. पणजोबांच्या काळी पटकी आली आणि माणसं अलीकडे पळून आली. ज्यांना चालता येत होतं तेवढीच.

आजारी पोरं तिथेच राहिली…

तो विषय गावात कोणी काढत नाही.

आता तिथे बांबूचं रान आहे. वांदीची लहानगी मालै अळंबी काढताना जुन्या विहिरीपाशी पडली. नुसतं खरचटलं. पण त्या दिवसापासून बोलेना, जेवेना. छपराकडे बघत पडून राही. दवाखान्यात सलाईन लावलं, उपयोग शून्य.

शेजारची सुक आजी म्हणाली, "अगं, पोरीचा जीव तिथेच सांडलाय. इथे सुया टोचून काय होणार? जा, जाळीत धरून आण."

माणूस पडतो तिथे मासे धरायची हातजाळी फिरवून, हाका मारून त्याचा जीव घरी आणायचा, ही आमची रीत.

वांदी गेली. विहिरीभोवती जाळी फिरवू लागली. हुंदक्यामुळे शब्द फुटेना.

"ये रे बाळा… आई न्यायला आलीय. घरी भात शिजलाय…"

बेडकं गप्प झाली.

जाळी जड झाली…

आणखी जड झाली.

वांदीला आनंदच झाला. जाळीचं तोंड आवळून, मागे न बघता ती घरी आली. खांबांवरच्या घराच्या शिडीपाशी पोचताच सुक आजीने रीतीप्रमाणे वरून विचारलं, "आली का गं?"

वांदीने तोंड उघडण्याआधीच…

"आलो!"

शिडीखालून. पुष्कळ आवाज. सगळे कोवळे.

वर मालै उठून बसली होती. "आई, भूक लागली."

वांदीने तिला छातीशी धरलं. सुक आजी मात्र पांढरीफटक.

"भवाने, पोरीचं नाव घेतलंस का?"

वांदीने नकारार्थी मान हलवली.

"आई भात घेऊन आली म्हटल्यावर तिथलं कुठलं पोर मागे राहील गं?"

सकाळी आजी जाळी घेऊन दारात हजर. "चल, सोडून येऊ त्यांना."

वांदी आडवी उभी राहिली. "आणि त्यांच्यात माझी गेली तर? जाळीला काय कळतं, कोण कुणाचं?"

आजी जाळी घेऊन तशीच माघारी फिरली.

गावातली तरणी माणसं बँकॉकला गेलीत. पोरं नाहीत म्हणून शाळा बंद झाली. पण हल्ली संध्याकाळी शाळेच्या अंगणातून खिदळणं ऐकू येतं… म्हातारी माणसं घराखालच्या बाकांवर बसून ऐकतात. परत पाठवा, असं कोणी म्हणत नाही.

परवा मी वांदीकडे जेवायला गेलो. मालै छान गुबगुबीत झालीय. मोठ्या टोपलीत भात वाफाळत होता. चटईवर ती एकटीच बसली होती.

मला बघून म्हणाली, "सरका रे जरा. आजोबांना बसू द्या."

मी बसलो.

चटई गरम होती…

नुसती माझ्या जागेपुरती नाही. सगळीच.