अकरा ठिपके, एक माणूस

कडी वाजली. एकदाच, अगदी हलकी... वाजवणाऱ्यालाच वाजवल्याची लाज वाटावी इतकी.

दुपार चिडीचूप होती. सकाळपासून कोसळून पाऊस दमला होता, मैत्री नुकतीच निजली होती, आणि तिच्या कपाळावरचा हात आता काढावा की नाही या विचारात संघप्रिया बसली होती. पाच वर्षांच्या लेकीला निजवायला तास जातो, उठवायला एक कडी पुरते. ती चवड्यांवर चालत दाराशी गेली, ती रागातच.

दारात एक उंच, सावळा माणूस. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, आणि छातीशी कापडाची पिशवी, लेकरू धरावं तशी धरलेली. स्वतः निथळत होता, पिशवी मात्र कोरडी.

संघप्रियानं ओठांवर बोट ठेवलं. त्यामुळे त्यानं जे विचारलं ते कुजबुजून विचारलं.

"ताई, तुमच्याकडं लाईन आहे का?"

समोरच्या रांगेतली वीज गेली होती. मोबाईलचं दुकान त्याच रांगेत. इकडच्या घरांना दुसरी फेज, म्हणून खिडकीतून पंखा फिरताना दिसला आणि तो आला. पिशवी उघडली तर आत फोनच फोन. अकरा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला... निळा नीलाबाईचा, पिवळा डोमाभाऊचा, लाल शाळेतल्या मास्तरचा.

तो लोकेश, धानोऱ्याच्या पलीकडच्या कोसमटोल्याचा. गावात टॉवर नाही, वीज असली तर असली. म्हणून दर रविवारी तो सगळ्या गावाचे फोन घेऊन जंगलातल्या पायवाटेनं फाट्यावर यायचा, तिथून काळीपिवळीनं गडचिरोलीच्या बाजारात. फोन चार्ज करायचे, कोणाचा ओटीपी, कोणाच्या पोराच्या स्कॉलरशिपचा मेसेज, कोणाच्या जावयाचा मिस्ड कॉल, सगळं पाहून संध्याकाळच्या आत परत. हे त्यानं इतक्या सरळ सांगितलं, पोस्टमननं पोस्टाबद्दल सांगावं तसं.

एकट्या बाईचं घर. नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं एक्सटेंशन बोर्ड काढून दिला आणि तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन मांडून स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसला, पागोळ्यांखाली. मग चहा द्यावाच लागला.

त्यानं एक घोट घेतला. थांबला.

"साखर संपली का घरची?"

"संपली नाई. मी कमीच टाकते."

"मग अजून एक कप द्या," तो कपातच पाहत म्हणाला, "दोन मिळून बरोबर होईन."

ती आत वळली तेव्हा ओठ दाबून धरले होते, तरी हसू गालात आलंच.

पुढच्या रविवारी सगळीकडे वीज होती. दुकानही उघडं होतं. कडी मात्र वाजली. आज तर समोर लाईन आहे, असं तिनं दार उघडता उघडता ऐकवलं, तर तो म्हणाला, आहे ना... पण त्या दुकानात चहा भेटत नाई.

घरमालकीण गिरजाबाई पलीकडच्या खोलीत राहायच्या. संघप्रिया कामावर गेली की मैत्री त्यांच्याजवळ. तिसऱ्या-चौथ्या रविवारी त्यांनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काऊन वो, हा पोट्टा लाईन पाहाले येते, का लाईन माराले येते?" संघप्रिया नुसती कान लाल करून उभी राहिली. मैत्रीचे बाबा ट्रकच्या अपघातात गेले, त्याला तीन पावसाळे झाले होते. आपले कान अजून लाल होतात हे तिला त्या दिवशी कळलं.

तू काय काम करते, असं लोकेशनं एकदा विचारलं. कंप्युटरचं, असं तिनं सांगितलं. खोटं नव्हतं. बाजाराच्या मागच्या एका इमारतीत, बिनबोर्डाच्या ऑफिसात, पुण्याकडची एक कंपनी सरकारसाठी नकाशा पाहायची. नकाशावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक चालू फोन. कुठल्या टॉवरवरून कुठल्या टॉवरवर गेला, कोणासोबत गेला, कुठं थांबला, हे मशीन मांडायचं, आणि संघप्रियासारखी इथली चार माणसं त्या जागांची नावं सांगायची... हा ओढा, ही देवराई, हा बाजार. घरी एक अक्षर बोलायचं नाही, अशी सही घेतली होती.

लोकेशचा नंबर तिनं सोमवारी सहज टाकून पाहिला. सहजच. रविवारचा माग उमटला... फाट्यावर एक ठिपका, भोवती दहा, जांभळाच्या घोसासारखे. पुढच्या सोमवारी पुन्हा. मग ते सोमवारचं पहिलं काम झालं, देवाला दिवा लावावा तसं, कोणाला न दाखवता. आणि रविवारी तो आला की ती चहा गाळत म्हणायची, मागच्या खेपेला फाट्यावर लय वेळ बसला वाटते, गाडी नाई भेटली?

"तुले कसं कळलं?"

"मनाले कळते."

त्याचा कप हातात तसाच राहायचा. मग हळूच विचारायचा, अजून काय कळते मनाले? ती म्हणायची, ते सांगाचं नसते... आणि उगाच गॅस बारीक करायची.

धानाची कापणी सुरू झाली त्या सुमारास ऑफिसात नवी सिस्टीम बसली. आता नकाशा पाहायचीही गरज नव्हती. एकत्र चालणारे फोन सिस्टीम स्वतःच शोधायची आणि लाल करायची.

एका शनिवारी प्रफुल्ल सरांनी सगळ्यांना स्क्रीनजवळ बोलावलं. ते पुण्याहून आलेले, वयानं तिच्याएवढेच, गडचिरोलीचे डास न मानवलेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी दाखवलं... दर रविवारी अकरा जण. रस्त्यावरच्या कुठल्याच टॉवरवर दिसत नाहीत, म्हणजे जंगलातून. फाट्यावर येईपर्यंत सगळ्यांचे फोन बंद, मग एकदम चालू. इतकी शिस्त म्हणजे ट्रेनिंग घेतलेली टोळी. रिपोर्ट वर गेलाय, उद्या पहाटेपासून फोर्स त्या पायवाटेवर बसणार.

फोन बंद नसतात, तिथं रेंजच नसते... हे सांगायला संघप्रियानं तोंड उघडलं, पण सर पुढचं सांगत होते. शहरात यांचा अड्डा आहे. अकराही जण एका घरात दोन तास थांबतात. त्यांनी नकाशाखालचा उपग्रहाचा फोटो मोठा केला. गल्ली आली. निळ्या पत्र्याचं छप्पर आलं. हे घर कोणाचं, ते सोमवारी काढायचं.

त्या पत्र्यावर एक पिवळा ठिपका दिसत होता, मैत्रीचा वाळत टाकलेला फ्रॉक. फोटो कधीचा होता कोण जाणे.

ती पाणी प्यायच्या निमित्तानं जिन्यात गेली आणि लोकेशला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. लागणारच नव्हता. तो उद्या फाट्यावर पोचेपर्यंत लागणार नव्हता, आणि फाट्याच्या अलीकडे झुडपांत बंदुका बसणार होत्या. फाट्याकडे जाणारी शेवटची गाडी गेलेली. अकरा माणसं येणार म्हणून वाट पाहणाऱ्यांसमोर एकटा माणूस पिशवी छातीशी धरून येणार... आणि पिशवीत काय आहे ते कोण विचारेल? आधी विचारतील, की आधी...

नोकरी गेली तर खोलीचं भाडं, मैत्रीची शाळा. आणि त्याहून मोठी भीती, उद्या आपल्यालाच आत घेतलं तर लेकरू कोणाकडे? ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मग वर गेली.

"सर, ते घर माझं आहे."

प्रफुल्ल सरांनी हसून पाहिलं. मग हसू गेलं.

"आणि ते अकरा जण?"

"जण एकच आहे. फोन अकरा आहेत."

तिनं सगळं सांगितलं. टॉवर, पायवाट, रंगीत दोरे, धान विक्रीच्या नोंदणीचे ओटीपी. सरांनी मध्येच थांबवलं. मग हा माणूस दोन तास तुमच्या घरी करतो काय?

"चहा पितो."

"दोन तास?"

"मी साखर कमी टाकते..." तिचा आवाज खाली गेला. "दुसरा करावा लागतो."

सर खुर्चीत मागे टेकले. वाईट माणूस नव्हते ते, नुसते घाबरले होते. त्यांनी समजावलं, एकदा लाल झालेलं इथून पुसता येत नाही. वरच्या माणसाशी तुम्हालाच बोलावं लागेल, तुमच्या नावानं. आणि ओळखीचा आहे म्हणून चालायचं नाही, ओळखीचा तर कोणीही कोणालाही म्हणतो. त्यांनी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला.

पलीकडचा आवाज कोरडा होता. नाव विचारलं, गाव विचारलं.

"तुमचा कोण लागतो?"

मैत्रीच्या बाबांनंतर 'माझा' हा शब्द तिनं कोणत्याच पुरुषाला लावला नव्हता. लोकेशचा हातसुद्धा तिनं कधी धरला नव्हता. कप देताना बोटं लागली असतील, तेवढीच. ती बौद्ध, तो गोंड. काय होईल, कोण काय म्हणेल, यातलं काहीच ठरलं नव्हतं.

"होणारा नवरा," ती म्हणाली.

"तारीख?"

"ठरायची आहे."

आवाजानं निरोप देतो म्हटलं. पोचेल का, असं तिनं विचारलं तेव्हा फोन ठेवला गेला होता. प्रफुल्ल सरांनी तिचं ओळखपत्र मागून घेतलं, आणि तिच्याकडे न पाहता म्हणाले की सोमवारी येऊ नका. जिन्यापर्यंत मात्र सोडायला आले. निरोप पोचायला हवा, असं दोनदा म्हणाले.

रविवारी तिनं सकाळपासून दार उघडंच ठेवलं. बाजार भरला, गल्लीतून वांगी, सुकी मासळी, प्लास्टिकच्या बादल्या गेल्या. त्याची यायची वेळ आली आणि गेली. चहाचं पाणी आटलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा आटलं. आज हाताशी नकाशा नव्हता. गिरजाबाई मैत्रीला मांडीवर घेऊन तिच्या केसांतला गुंता काढत बसल्या. त्याला फोन लावला की फोनमधली तीच बाई तेच वाक्य बोलायची.

बाजार उठत आला तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी दिसला. हात रिकामे. शर्टाचा पुढचा भाग चिखलानं भरलेला, कारण त्याला पालथं पाडलं होतं. गाल एका बाजूला सुजलेला.

तो पायरीवर बसला. ती कपाळाला हात लावायला वाकली, मग गल्ली आठवून सरळ झाली, मग गल्लीची पर्वा न करता पुन्हा वाकली.

त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. झुडपांतून माणसं उठली. बंदुका. हात वर म्हणाले, हात वर केले तर पिशवी पडली. बाकीचे दहा कुठं आहेत म्हणून विचारत होते.

"मी म्हटलं, पिशवीत. तर कानाखाली ठेवली एकानं. त्याले वाटलं मस्करी करून राह्यलो."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकाच श्वासात.

"मग त्याईच्या वायरलेसवर तुझं नाव आलं," तो म्हणाला. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "साहेबानं विचारलं, संघप्रिया कोण तुझी? मी काय सांगू... मले तर मालूम नवतं. मंग त्यानंच सांगतलं."

"...काय?"

"का माझं लग्न जमलं म्हून."

तिनं ओढणीत तोंड लपवलं. आत गिरजाबाई उगाच खोकल्या.

"तारीख विचारे. मी म्हटलं, बाईले विचारून सांगतो." तो हसायला गेला, गाल दुखला. "बंदुकीच्या टोकावर हो म्हणणारा मी पहिलाच असन."

तिचं बोट त्याच्या चिखलानं भरलेल्या बाहीवर होतं, त्यानं ते तिथंच राहू दिलं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हळूच बदललं.

"पण तुले कसं मालूम, ते माझी वाट अडवून बसले म्हून? गावात तर कोणालेच मालूम नवतं."

आता खोटं बोलणं शक्य होतं. तिनं सांगितलं. ऑफिस, ठिपके, सोमवार... सगळे सोमवार.

तो ऐकत राहिला. मग बाही सोडवून न घेता, पण जरा दूर सरकून म्हणाला, "म्हंजे फाट्यावर बसलो, गाडी नाई भेटली, हे मनाले नाई कळत होतं तुझ्या."

"लोकेश..."

"जंगलात एकटा येताना मले वाटे, हिचं मन चालून राह्यलं माझ्यासोबत. म्हून वाट लहान होये." त्यानं चिखल झटकला. "मशीन चालत होती."

तो लाल रंग तिच्या पाहण्यामुळे आला नव्हता. पण पाहणं तर दोघांचंही होतं, तिचं आणि मशीनचं.

फोन कॅम्पवर ठेवून घेतले होते, तपासायला. त्याचाही. गावात सगळे वाट पाहत असतील, त्यांना सांगायला जायलाच हवं होतं. ती चहा आणायला उठली तर तो नको म्हणाला. पिशवी नाही म्हणून त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं ते खिशात घातले.

"हो म्हटलं ते खरंच म्हटलं मी," दाराच्या चौकटीशी तो म्हणाला. "पण आता मी येईन ना, तवाच तुले कळन. त्याच्या आधी नाई."

"येशील?"

तो हसला, सुजलेल्या गालानं, अर्धंच. मग गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला. धानोऱ्याकडच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, एकदा, लांब. उन्हं उतरली होती. तांदळाच्या कोंड्याचा वास हवेत होता, आणि तिच्या बोटाला त्याच्या बाहीचा चिखल वाळत चालला होता. तो पुसावासा वाटेना.

मैत्री येऊन तिच्या कुशीत शिरली, अर्ध्या वेण्या घातलेली. दोघी रस्त्याकडे पाहत बसल्या. बऱ्याच वेळानं लेकीनं मान वर केली.

"आई, लोकेशकाका आता कुठी पोचला असन?"